साच्यात काय नसावं?

दुकानावर ‘होम अप्लायन्सेस’ अशी पाटी असली की आत काय मिळणार हे कुणाला सांगावं लागत नाही. मिक्सर, गिझर, फ्रीज. घरी आणायचं, प्लग लावायचा, बटण दाबायचं. आतली मोटर कुणी गुंडाळली याच्याशी घेणाऱ्याला देणंघेणं नसतं. संगणकांच्या जगात ही सोय उशिरा आली. कार्यालयाला मेल सर्व्हर हवा असेल तर आधी यंत्र घ्या, त्यावर ऑपरेटिंग सिस्टीम टाका, मग डेटाबेस, मग मूळ सॉफ्टवेअर आणि शेवटी या सगळ्यांची मोट बांधा. एकाची आवृत्ती दुसऱ्याशी जुळली नाही की दिवसांचे आठवडे होत. २००३ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मोनिका लॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधनिबंधांतून यावर एक तोड सुचवली. सॉफ्टवेअर सुटं सुटं देण्याऐवजी ते चालवणारा अख्खा संगणकच, आतलं सगळं जुळवून, फाइलच्या रूपात देऊन टाकायचा. घरगुती उपकरणाची आठवण ठेवून त्यांनी त्याला ‘व्हर्च्युअल अप्लायन्स’ म्हटलं. पुढे ही कल्पना इतकी रुळली की व्हीएमवेअर कंपनीने सर्व्हरांचा कारभार पाहणारं आपलं व्ही-सेंटर हे सॉफ्टवेअर २०२० मधल्या सातव्या आवृत्तीपासून फक्त अप्लायन्स म्हणूनच द्यायला सुरुवात केली. विंडोजवर स्वतः बसवण्याचा पर्याय बंद झाला.

संगणक फाइलमध्ये मावतो कसा, हे समजायला चाळ डोळ्यांसमोर आणावी. इमारत एक, बिऱ्हाडं अनेक, आणि प्रत्येकाचं दार वेगळं. मोठ्या सर्व्हरवर ‘हायपरव्हायजर’ नावाचं सॉफ्टवेअर असतं. ते प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांचे वाटे पाडून अनेक पाहुण्या मशिनींना देतं. फरक इतकाच की चाळीतल्या भाडेकरूला शेजारी आहेत हे ठाऊक असतं. व्हर्च्युअल मशिनीला मात्र सगळी इमारत आपलीच वाटते. ही युक्ती नवी नाही. आयबीएमने १९७२ मध्येच आपल्या मोठ्या संगणकांसाठी व्हीएम/३७० ही प्रणाली जाहीर केली होती. टेबलावरच्या संगणकांच्या जातीच्या प्रोसेसरवर तीच युक्ती व्हीएमवेअरने १९९९ मध्ये चालवून दाखवली, आणि २००५-०६ मध्ये इंटेल आणि एएमडी यांनी त्यासाठीची सोय थेट चिपमध्येच दिली. अशा मशिनीची डिस्क म्हणजे खालच्या सर्व्हरवरची एक फाइल, आणि तिचं ‘हार्डवेअर’ म्हणजे किती प्रोसेसर, किती मेमरी, किती नेटवर्क कार्डं हे सांगणाऱ्या काही ओळी. जे फाइलमध्ये आहे त्याची प्रत काढता येते. एक मशीन नीट जुळवून ‘टेम्प्लेट’ म्हणून, म्हणजे साचा म्हणून बाजूला ठेवली की तिच्यासारख्या दहा मशिनी उभ्या करणं दुपारच्या चहाआधीचं काम होतं.

या वेगाचं कौतुक रास्तच आहे. पण त्याच्या भरात एक समज पक्का झाला आहे, की साच्यातून मशीन उभी करणं म्हणजे प्रत काढणं, आणि प्रत जितकी हुबेहूब तितकं काम चोख. माझ्या मते हा समज उलटा आहे. प्रत काढणं हा या कामातला सर्वात सोपा भाग. ते यंत्र मुकाट्याने करतं. माणसाच्या डोक्याला काम असतं ते वेगळ्याच ठिकाणी: सर्व मशिनींत काय सारखं असावं आणि प्रत्येकीत काय वेगळं असलंच पाहिजे, यांच्यामध्ये रेघ ओढण्यात. साच्याचा कस त्यात काय भरलं यापेक्षा त्यातून काय वगळलं यावर लागतो. ही रेघ जिथे चुकली तिथे काय होतं याचे पुरावे गेल्या वीस वर्षांत भरपूर जमा झाले आहेत. पण आधी साचा उघडून आत पाहू.

साच्यांची देवाणघेवाण कोणत्याही कंपनीच्या प्रणालीत व्हावी म्हणून डेल, एचपी, आयबीएम, मायक्रोसॉफ्ट, व्हीएमवेअर आणि झेनसोर्स या कंपन्यांनी मिळून सप्टेंबर २००७ मध्ये एक मसुदा डीएमटीएफ या मानक ठरवणाऱ्या संस्थेकडे दिला. त्यातून ‘ओव्हीएफ’ हे मानक तयार झालं. २०११ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जाही मिळाला. या पद्धतीचं अप्लायन्स बहुधा ‘.ओव्हीए’ अशा शेपटीच्या एकाच फाइलमध्ये येतं. ही फाइल म्हणजे एक गाठोडं. सोडलं की आत निघतात: मशिनीचं वर्णन करणारी एक साधी मजकुराची फाइल, एक किंवा अधिक डिस्कच्या दाबून लहान केलेल्या फाइली, आणि प्रत्येक फाइलचा गणिती ठसा नोंदवणारी यादी. वाटेत एक अक्षर जरी बदललं तरी ठसा जुळत नाही आणि फसवणूक किंवा बिघाड उघडा पडतो. बनवणाऱ्याची डिजिटल सही जोडायचीही सोय आहे. गाठोड्यात वर्णनाची फाइल सर्वांत आधी असली पाहिजे असा नियम आहे, म्हणजे कित्येक गिगाबाइटची डिस्क उतरवण्याआधीच आत काय आहे आणि त्याला किती जागा लागेल हे वाचता येतं.

आता ही फाइल व्ही-सेंटरला दिली की पडद्यावर एकामागून एक पानं येतात. मशिनीला नाव काय? ती कोणत्या सर्व्हरवर राहणार? डिस्क कोणत्या साठ्यावर, आणि तिची सगळी जागा आत्ताच अडवून ठेवायची की लागेल तशी वाढू द्यायची? साच्यातलं नेटवर्क तुमच्याकडच्या कोणत्या नेटवर्कला जोडायचं? मग येतं ‘कस्टमाइझ टेम्प्लेट’ हे पान. होस्टनेम, आयपी पत्ता, गेटवे, डीएनएस आणि मुख्य पासवर्ड, तोही दोनदा. भरलेली उत्तरं एका छोट्या फाइलमध्ये लिहिली जातात, आणि एका पद्धतीत ती फाइल खोट्या सीडीवर घालून नव्या मशिनीला जोडली जाते. पहिल्यांदा डोळे उघडताच मशीन ही चिठ्ठी वाचते आणि आपलं नाव-गाव लावून घेते. इथे थोडं थांबून पाहावं. हे पान नेमकं तेच विचारतं जे साच्यात नाही. कोणते रकाने वापरणाऱ्याने भरायचे, कोणता रकाना पासवर्ड म्हणून झाकून ठेवायचा, हे साचा बनवणाऱ्याने वर्णनाच्या फाइलमध्ये आधीच लिहिलेलं असतं. म्हणजे मानक घडवणाऱ्यांनाही ही रेघ दिसत होती. त्यांनी तिच्यासाठी जागा राखून ठेवली. ती जागा भरायची की रिकामी सोडायची, हे मात्र साचा बनवणाऱ्याच्या मर्जीवर राहिलं.

साचा हा शब्द आपल्याकडे गणपतीच्या कारखान्याची आठवण देतो. रायगड जिल्ह्यातल्या पेणमध्ये मूर्ती साच्यातून निघतात. शाडू किंवा प्लॅस्टर साच्यात गेलं की सोंड, पोट, मुकुट शंभर मूर्तींत एकसारखे येतात, आणि तसेच यायला हवेत. पण डोळ्यांची आखणी साच्याकडे सोपवत नाहीत. ती सरावलेल्या हाताने, मूर्तीगणिक वेगळी होते, आणि गिऱ्हाईक मूर्ती निवडतं ते बहुतेक वेळा डोळे पाहून. कारागिराला साच्याची मर्यादा माहीत असते म्हणूनच तो साचा बिनधास्त वापरतो. संगणकाच्या साच्यांत गोम अशी की तिथे डोळे कोणते आणि पोट कोणतं हे उघड दिसत नाही. वगळायच्या गोष्टी डिस्कच्या कोपऱ्याकोपऱ्यांत, कुणाच्या लक्षातही न येणाऱ्या फाइलींत दडून बसलेल्या असतात.

त्यातली एक लिनक्समध्ये सापडते. तिचं नाव मशीन-आयडी; आत फक्त बत्तीस अक्षरं-आकड्यांची एक ओळ. पहिल्या वेळी मशीन सुरू झाली की ही ओळ तयार होते आणि जन्मभर तीच राहते. समजा, साचा बनवणाऱ्याने मशीन जुळवली, चालवून पाहिली आणि तशीच साचा म्हणून ठेवली. त्यातून निघालेल्या दहाही मशिनींची ओळ एकच. मग एक चमत्कारिक दुखणं सुरू होतं. दोन मशिनींची नेटवर्क कार्डं वेगळी, त्यांचे क्रमांक वेगळे, तरी आयपी पत्ते वाटणारा डीएचसीपी सर्व्हर दोघींना एकच पत्ता देतो. जोडणी कधी हिच्याशी होते, कधी तिच्याशी. केबल तपासतात, स्विच तपासतात, दोष सापडत नाही, कारण उबुंटूसारख्या काही लिनक्समध्ये मशीन पत्ता मागताना कार्डाच्या क्रमांकाऐवजी मशीन-आयडीवरून काढलेली ओळख सांगते, आणि पत्ते वाटणाऱ्याच्या लेखी दोघी एकच असतात. त्याचं काही चुकलेलं नसतं. उपाय अगदी साधा आहे, आणि ही फाइल सांभाळणाऱ्या सिस्टमडी या सॉफ्टवेअरच्या कागदपत्रांत तो स्पष्ट सांगितलेला आहे: अनेक ठिकाणी वापरायच्या साच्यात ही फाइल रिकामी ठेवा. रिकामी दिसली की प्रत्येक मशीन आपली ओळ आपण लिहिते.

आयपी पत्त्याचा घोळ निदान बोंब मारतो. किल्ल्यांचा घोळ मुका असतो. दूरच्या सर्व्हरशी बोलताना आपण योग्य सर्व्हरशीच बोलतोय याची खात्री त्याच्या गुप्त किल्लीवरून होते. ती किल्ली साच्यातच राहिली तर साचा डाउनलोड करणाऱ्या प्रत्येकाच्या हाती ती आयती पडते आणि कुणीही त्या सर्व्हरचं सोंग घेऊ शकतो. किल्ली नव्याने बनवली तरी प्रश्न सुटतोच असं नाही, कारण ती बनवायला यदृच्छ आकडे लागतात, आणि एकाच साच्यातून नुकत्याच उठलेल्या यंत्रांकडे यदृच्छेचा साठा तुटपुंजा आणि सारखाच असू शकतो. २०१२ मध्ये नाद्या हेनिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सगळं इंटरनेट चाळून सार्वजनिक किल्ल्या गोळा केल्या. आरएसए किल्ली म्हणजे दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार. तो फोडणं जवळपास अशक्य. पण दोन यंत्रांनी योगायोगाने एक मूळ संख्या तीच निवडली, तर शाळेतला मसावि पुरतो. २२१ आणि २४७ यांचे अवयव पाडत बसण्यापेक्षा त्यांचा मसावि काढला की १३ हाती येतो, आणि १७ व १९ आपोआप उघडे पडतात. याच वाटेने या संशोधकांनी सुरक्षित वेबजोडणी देणाऱ्या यंत्रांपैकी अर्ध्या टक्क्याच्या गुप्त किल्ल्या मिळवल्या. सापडलेली यंत्रं मुख्यतः राउटर, फायरवॉल अशी छोटी उपकरणं होती, व्हर्च्युअल मशिनी नव्हत्या. पण दुखण्याचं मूळ तेच: एका साच्यातली यंत्रं एकाच स्थितीतून जागी झाली. व्हर्च्युअल मशिनींबद्दलचा इशारा रिस्टनपार्ट आणि यिलेक यांनी २०१० मध्येच दिला होता. साठवलेल्या स्थितीतून मशीन पुन्हा उठवली की ती आधी वापरलेलेच ‘यदृच्छ’ आकडे पुन्हा वापरू शकते, हे त्यांनी दाखवून दिलं.

तिसरी गोष्ट राहून जाते ती बनवणाऱ्याची. अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर लोकांनी सर्वांसाठी ठेवलेले पाच हजारांहून अधिक तयार साचे युरोप-अमेरिकेतल्या संशोधकांच्या एका गटाने तपासले. निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. काहींमध्ये बनवणाऱ्याचे पासवर्ड आणि किल्ल्या तशाच होत्या, आणि पुसून टाकलेल्या फाइलीही परत काढता येत होत्या. शिवाय विंडोजच्या ९८ टक्के आणि लिनक्सच्या ५८ टक्के साच्यांत गंभीर त्रुटी असलेलं सॉफ्टवेअर सापडलं. त्रुटींचा हा दुसरा निष्कर्ष जास्त बोलका आहे, कारण त्यात कुणाचा निष्काळजीपणा असायलाच हवा असं नाही. साचा गोठवला त्या दिवशी आतलं सॉफ्टवेअर ताजं असेलही. पण जग पुढे जातं आणि साचा तिथेच राहतो. वर्षभराने त्यातून निघालेली मशीन जन्मतःच वर्षभर शिळी असते. टॅल गारफिंकेल आणि मेंडेल रोझेनब्लूम यांनी २००५ मध्येच लिहून ठेवलं होतं की मशिनी बनवणं इतकं सोपं झालं की त्यांची संख्या सांभाळणाऱ्यांच्या आवाक्याबाहेर जाते, आणि जुन्या स्थितीकडे परतणारी मशीन बुजवलेली भोकंही परत घेऊन येते. यातले रोझेनब्लूम व्हीएमवेअरचे एक संस्थापक. घरचाच आहेर म्हणायचा.

मग साच्याच्या नादी लागायचंच कशाला, प्रत्येक मशीन हाताने बांधावी, असं कुणी म्हणेल. पण हाताने बांधलेल्या दहा मशिनी दहा तऱ्हांच्या होतात. कुठे एक पायरी राहते, कुठे आवृत्ती वेगळी पडते, आणि एकीवर सापडलेला उपाय दुसरीवर चालेल याची हमी नसते. साच्यात दोष असला तर तो एकदा दुरुस्त केला की नव्या सगळ्या मशिनी सुधारतात; हातकामात दोष दहा ठिकाणी दहा वेळा शोधावा लागतो. तेव्हा आक्षेप साच्यावर नाहीच. तो आहे साचा आणि प्रत यांना एकच समजण्यावर. दुसरा आक्षेप वजनदार आहे: सारखेपणाची ही भीती फुगवलेली नाही का? विंडोजच्या प्रत्येक मशिनीला एसआयडी नावाचा ओळखक्रमांक असतो. प्रतींमध्ये तो सारखा राहू नये म्हणून लोक वर्षानुवर्षं धडपडत होते. नोव्हेंबर २००९ मध्ये विंडोजचे नामवंत जाणकार मार्क रुसिनोविच यांनी लिहिलं की मशिनींचे हे क्रमांक सारखे असल्याने प्रत्यक्षात काही बिघडत नाही, तो एक भ्रम आहे. आणि क्रमांक बदलणारं आपलंच लोकप्रिय साधन त्यांनी मागे घेतलं. तेव्हाच्या विंडोजपुरतं त्यांचं म्हणणं खरं होतं. मात्र नव्या मशिनी साच्यातून काढताना सिसप्रेप हे साधन वापरून ओळख पुसावी, ही मायक्रोसॉफ्टची अधिकृत शिफारस कायम होती. सोळा वर्षांनी, ऑगस्ट २०२५ च्या अखेरीपासूनच्या अपडेटनंतर, विंडोज ११ च्या ताज्या आवृत्त्यांत आणि सर्व्हर २०२५ मध्ये सारख्या एसआयडीच्या मशिनींना एकमेकींकडे लॉगिन नाकारलं जाऊ लागलं. ज्यांनी शिफारस पाळली त्यांना त्या दिवशी काही जाणवलंही नसेल. सारखेपणा आज निरुपद्रवी आहे म्हणून उद्याही राहील, असं साचा बनवणाऱ्याने गृहीत धरू नये, एवढाच याचा धडा.

तिसरा आक्षेप असा की हे सगळं आता जुनं झालं. २०१३ मध्ये डॉकर आलं, अख्ख्या मशिनीऐवजी एकेक प्रोग्रॅम बांधून देणाऱ्या कंटेनरचा जमाना सुरू झाला, क्लाउड-इनिटसारखी साधनं मशीन पहिल्यांदा सुरू होतानाच नाव, किल्ल्या, वापरकर्ते नव्याने लावून देतात; मग माणसाने रेघ ओढायची उरली कुठे? पण कंटेनरही इमेजमधूनच, म्हणजे साच्यातूनच निघतो, आणि इमेजमध्ये विसरलेला पासवर्ड तिथेही तितकाच उघडा पडतो. क्लाउड-इनिट तर रेघ ओढून झाल्यावरचं काम करतं: जे वेगळं असावं असं कुणीतरी आधी ठरवलं, ते वेगळं करून देतं. ज्या फाइलचा विचारच झाला नाही ती त्याच्या हातूनही तशीच सुटते. आणि हे सारं गिऱ्हाइकाने का जाणावं, मिक्सर घेणारा मोटरीची चौकशी करतो का, हा शेवटचा प्रश्न मात्र मला मान्य आहे. ओझं बनवणाऱ्यावरच हवं. २०१६ मध्ये मिराय या घातक प्रोग्रॅमने कारखान्यातून आलेल्या साठेक ठरीव नाव-पासवर्डांच्या जोड्या आजमावत लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. त्यानंतर कॅलिफोर्नियाने २०२० पासून आणि ब्रिटनने एप्रिल २०२४ पासून इंटरनेटला जोडलेल्या उपकरणांत सर्वांना एकच पासवर्ड देण्याला कायद्याने मनाई केली. ते कायदे वस्तूंसाठी आहेत; पण त्यांमागचं तत्त्व व्हर्च्युअल अप्लायन्सला जसंच्या तसं लागू पडतं.

तोवर एक परीक्षा कुणालाही घेता येईल. एकाच साच्यातून दोन मशिनी उभ्या करा आणि दोघींना शेजारी ठेवून विचारत जा: नाव काय, पत्ता काय, किल्ली कुठली, पासवर्ड कुणी ठरवला, शेवटचं अपडेट कधीचं? जिथे उत्तर वेगळं येतं तिथे साचा बनवणाऱ्याने विचार केला होता. जिथे सारखं येतं तिथे दोन शक्यता उरतात. एक तर ते सारखंच असायला हवं होतं, सोंड आणि पोटासारखं. किंवा मूर्ती डोळ्यांशिवायच कारखान्याबाहेर पडली आहे.